मोस्तारला जाताय? एक रात्र तरी मुक्काम कराच

मोस्तार म्हणजे बोस्नियातलं जेमतेम लाखभर वस्तीचं शहर, मधून हिरवीगार नेरेत्वा नदी वाहते आणि तिच्यावर तो जगप्रसिद्ध कमानीचा पूल, स्तारी मोस्त. बहुतेक टूरवाले क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकवरून सकाळी बस भरून आणतात, भर दुपारी पुलावर फोटो, जेवण आणि संध्याकाळच्या आत परत. एवढ्या लांब आलात तर असं करू नका हो. दुपारी पुलावर पाय ठेवायला जागा नसते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऊन अक्षरशः भाजून काढतं, पारा चाळिशीला टेकतो. एप्रिल ते जूनची सुरुवात, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर बघा, आणि दोन रात्री काढा, एक तरी काढाच.

आधी व्हिसाचं नीट समजून घ्या कारण इथेच लोक अडकतात. बोस्निया युरोपियन युनियनमध्ये नाही, शेंगेनमध्येही नाही (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट). मल्टिपल एंट्रीचा चालू शेंगेन व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांसाठी वेगळा व्हिसा न काढता जाता येतं, तरी तिकिटं काढायच्या आधी त्यांच्या दूतावासाचा ताजा नियम बघून घ्याच. खरी गोम पुढे आहे, क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये आलाय, त्यामुळे सिंगल एंट्री व्हिसावर डुब्रोव्हनिकहून मोस्तारला गेलात की परत आत येता येणार नाही. परतीचं विमान तिकडून असेल तर सगळा प्लॅन कोलमडतो. युरोपचं सिम किंवा ई-सिम घेतलं असेल तर त्याच्या यादीत बोस्निया आहे का तेही बघा, बऱ्याच पॅकमध्ये नसतो.

जमलं तर राजधानी सारायेव्होहून ट्रेनने या. दोनेक तासांचा प्रवास, गाड्या दिवसातून मोजक्याच, पण डोंगर, बोगदे, याब्लानित्साचं तळं आणि मग खिडकीला चिकटून वाहणारी नेरेत्वा, मोबाईल बाजूला ठेवून नुसतं बघत बसावं असा रस्ता आहे. स्टेशन आणि बस स्टँड शेजारी शेजारीच आहेत, तिथून जुनं गाव पंधरा-वीस मिनिटं चालत. पण चाकाची बॅग असेल तर जुन्या गावात उचलूनच न्यावी लागते, सगळीकडे गोटे बसवलेत.

पैसे म्हणजे कन्व्हर्टिबल मार्क, लिहिताना केएम. 1 युरोला साधारण 1.95 मार्क, हा दर बांधलेलाच आहे. जुन्या बाजारात युरो घेतात पण हिशोब त्यांच्या सोयीचा होतो, म्हणून थोडे मार्क काढून ठेवा.

आता पूल. ऑटोमन तुर्कांच्या काळात 1566 मध्ये वास्तुकार मिमार हायरुद्दीनने बांधून पुरा केला, 9 नोव्हेंबर 1993 ला 1992-95 च्या बोस्निया युद्धात क्रोएट सैन्याच्या तोफगोळ्यांनी पाडला, तिथल्याच दगडात पुन्हा उभा करून 2004 ला खुला झाला आणि पुढच्या वर्षी युनेस्कोच्या यादीत गेला. चढ चांगला उभा आहे आणि दगड लोकांच्या पायांनी इतका गुळगुळीत झालाय की पाऊस नसतानाही पाय सटकतो. दगडाच्या आडव्या पट्ट्या उचलून बसवल्यात, त्यांना अडवून पाऊल टाकायचं. माझी आई सपाट सँडलवर होती, ती कठडा धरून बाजूबाजूने उतरली, म्हणून सांगते ग्रिपवाले बूटच घाला. पुलावरून उडी मारणारी मुलं दिसतील, वीस मीटरच्या वर उंची आहे, आधी पैसे गोळा करतात, पुरेसे जमले की मारतात. थांबून बघायचं असेल तर काहीतरी द्या, तो त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा हुन्नर आहे. फोटोसाठी खालचा नदीकाठ किंवा दक्षिणेकडचा लुच्की पूल बघा, दोन्ही फुकट.

पुलाला लागून कुयुंजिलुक, म्हणजे शब्दशः सोनार आळी, पण कानावर ठोक ठोक आवाज तांबटांचा येतो. घ्यायचंच असेल तर आतल्या बाजूला जिथे माणूस समोर बसून नक्षी ठोकतोय तिथून घ्या, बाकी माल बराचसा कारखान्याचा. आणि भाषा ऐका, दुकानाला दुचान, साखरेला शेचेर, मैदानाला मेय्दान, फारसी-अरबी-तुर्कीतून आलेले हे शब्द आपल्याही घरचे आहेत, ऐकून मला फार आपलं वाटलं.

खाण्याचं शाकाहारी लोकांनी आधीच टेन्शन घेऊ नये, फक्त नावं पाठ करा. बुरेक म्हणजे पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ, बोस्नियात तो फक्त खिम्याचाच, आणि बहुतेक बीफचा, चेवापी म्हणजे छोटे कबाबसुद्धा तसंच. तुम्ही मागायचं सिर्नित्सा म्हणजे चीजची, झेल्यानित्सा पालकाची, क्रोम्पिरुशा बटाट्याची. 'बेझ मेसा' म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द कामाला येतात. साच लिहिलेलं दुकान दिसलं तर तिथे जा, परातीवर झाकण घालून वर निखारे ठेवतात, कडेचे पापुद्रे असे कुरकुरीत होतात की विचारू नका, सोबत पातळ दही घ्या, अगदी घट्ट ताकासारखं. कॉफी मात्र घाईत पिऊ नका. तांब्याच्या ताटलीत जेझ्वा, म्हणजे लांब दांड्याचं कॉफीचं छोटं भांडं, येतो, वरचा फेस चमच्याने छोट्या कपात घ्यायचा, मग कॉफी ओतायची, साखरेच्या खड्याचा कोपरा बुडवून चावायचा आणि वर घोट. तळाचा गाळ राहू द्यायचा.

दुसऱ्या दिवशी 12 किलोमीटरवरचं ब्लागाय करा. उंच कड्याच्या पोटातून बुना नदी अख्खीच्या अख्खी बाहेर येते आणि तिच्या तोंडाशी दर्विशांचा, म्हणजे सूफी फकिरांचा, जुना मठ. बूट बाहेर काढायचे, बायकांनी डोकं झाकायचं, ओढणी जवळ असू द्या.

युद्धाबद्दल लोकांना स्वतःहून खोदून विचारू नका. बुलेवार नावाचा रस्ता तेव्हाची आघाडी होती, पूर्वेला बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम), पश्चिमेला क्रोएट, अजून गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती उभ्या आहेत. पडक्या इमारतींत रील्ससाठी घुसू नका, धोकाही आहे आणि ती कुणाची तरी घरं होती. कुणी आपणहून बोललं तर बसून ऐका.

मुक्कामाचा फायदा सकाळी सहाला कळतो. पूल रिकामा, खाली पाण्याचा आवाज, दुकानदार दारापुढे पाणी मारतायत. आईला मी त्याच वेळी परत नेलं, या वेळी बूट घालून, आणि ती मधोमध दहा मिनिटं उभी राहिली. निघायच्या आधी उरलेले मार्क संपवा, बोस्नियाबाहेर ते सहसा कुणी बदलून देत नाही.