फर्नेस डिझाइन शिकताय? आधी डक्टला किती प्रेशर उरतंय ते काढा

पुण्या-मुंबईच्या एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) ऑफिसात काही वर्षं काढून कॅनडात आलेल्या, किंवा यायच्या तयारीत असलेल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी हे लिहितेय. यू-व्हॅल्यू कुठून येते, सीएफएम म्हणजे काय, लोड शीट कशी भरतात, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. आपल्याकडे सगळा जीव टनेजमध्ये, म्हणजे एसीच्या गार करण्याच्या क्षमतेत असतो. इथे ओंटारिओत घर गरम ठेवायचं असतं, आणि बहुतेक घरांत ते काम तळघरातली गॅस फर्नेस करते. बर्नर हीट एक्स्चेंजर तापवतो, ब्लोअर त्यावरून घरातलीच हवा ढकलतो, ती डक्टने खोल्यांत जाते आणि रिटर्नने परत येते. तत्त्व एवढंच. तरी मला ते अंगवळणी पडायला फार वेळ लागला. दिवसा वेअरहाऊसमध्ये काम आणि रात्री कोड वाचणं, असा तो काळ होता. अजूनही नोव्हेंबर लागला की पोटात गोळा येतो.

आधी लोडबद्दल, म्हणजे घरातून किती उष्णता बाहेर जाते त्याबद्दल, थोडक्यात. इथे घरांसाठी सीएसए एफ२८० या कॅनेडियन मानकाची पद्धत चालते आणि पर्मिटला तिचाच हिशोब लागतो, तोही खोलीवार. टोरोंटो शहरासाठी बाहेरचं डिझाइन तापमान उणे १८ अंश, आतलं २२. म्हणजे फरक ४० अंशांचा. विनिपेगला तोच ५५ वर जातो. मुंबईत ३५ आणि २४ मधल्या अकरा अंशांवर हात बसलेला असतो, त्यामुळे या आकड्याचा धाक सुरुवातीला समजत नाही. एक छोटा हिशोब करून बघा. १०० चौरस मीटर भिंत, आरएसआय (मेट्रिकमधला उष्णतारोध) ३.५ : उष्णता जाते साधारण ११४० वॉट. १८ चौरस मीटर खिडक्या, यू-व्हॅल्यू १.६ : साधारण ११५० वॉट. एवढ्याशा काचेने अख्ख्या भिंतीची बरोबरी केली. आता ४५० घनमीटरच्या घरात फटींतून तासाला ०.३ हवाबदल धरा, तर १७८० वॉट. भिंतीपेक्षा फटी महाग! म्हणून इन्सुलेशनचे आकडे घासत बसण्यापेक्षा घराची ब्लोअर डोअर टेस्ट (दारात पंखा लावून हवेची गळती मोजणारी चाचणी) झाली असेल तर तिचा रिपोर्ट मिळवा.

चौरस फुटाला चाळीस-पन्नास बीटीयू धरून मोकळं होणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐकू नका. हे मी अगदी ठामपणे सांगते. या पद्धतीने मोठीच फर्नेस निघते. मोठी फर्नेस दोन-चार मिनिटं भडकून बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा भडकते. थर्मोस्टॅट खूश असतो आणि वरच्या मजल्यावरची माणसं कुडकुडत असतात. अमेरिकेतल्या मॅन्युअल एस या उपकरण-निवडीच्या मार्गदर्शिकेत साधारणपणे लोडच्या १०० ते १४० टक्के एवढीच मोकळीक आहे, आणि तेवढी पुरते. इथे कोणी 'थंडी आहे, घे अजून एक साइज वर' म्हणालं तर त्याला आधी लोड शीट दाखवायला सांगा.

आता मुख्य मुद्दा. मी जिथे अडकले ती जागा हीच, आणि माझ्यानंतर आलेली बरीच मुलंमुली इथेच अडकताना पाहिली आहेत. म्हणून जरा लांबण लावते.

पहिल्या नोकरीत मला एक एक्सेल शीट मिळाली. तिच्यात डक्टचा फ्रिक्शन रेट, म्हणजे घर्षणात ठरावीक लांबीमागे जाणारं प्रेशर, आधीच भरलेला होता : शंभर फुटांना ०.१ इंच (पाण्याच्या उंचीत मोजलेलं). डक्ट्युलेटरची, म्हणजे डक्टची साइज काढायची चकती फिरवा, ०.१ वर लावा, सीएफएम बघा, साइज लिहा. भारतातही आपण ०.१ च वापरायचो, त्यामुळे शंका येण्याचं काही कारणच नव्हतं. पण ०.१ हा आकडा निवडायचा नसतो. तो दर घरासाठी काढावा लागतो, आणि घरगुती फर्नेसवर तो बरेचदा ०.१ च्या खाली, कधी निम्म्याहूनही खाली येतो.

का, ते असं. साध्या घरगुती फर्नेसच्या नेमप्लेटवर बाहेरचं स्टॅटिक प्रेशर ०.५ इंच लिहिलेलं असतं. फर्नेसच्या पेटीबाहेर जे जे काही आहे, त्या सगळ्याला मिळून ब्लोअर एवढंच देऊ शकतो. महिन्याच्या पगारातून भाडं, हप्ता आणि शाळेची फी गेल्यावर उरेल त्यात किराणा बसवतो ना, तसंच इथे आहे. एसीची कॉइल ०.२० घेऊन जाते. फिल्टर ०.१२ घेतो, आणि एक इंची दाट फिल्टर लावला तर त्याहून बराच जास्त. सप्लाय रजिस्टर ०.०३, रिटर्न ग्रिल ०.०३. गेले ०.३८. डक्टच्या वाट्याला उरले ०.१२.

हे ०.१२ कुठवर पुरवायचे? सर्वांत लांबची सप्लाय लाइन आणि सर्वांत लांबची रिटर्न लाइन, दोन्ही मिळून. टेपने मोजलं तर ४५ आणि ३० मिळून ७५ फूट. नवशिका इथेच थांबतो. पण प्रत्येक फिटिंगची एक समतुल्य लांबी असते आणि ती या पंचाहत्तरात मिळवायची असते. प्लेनममधून (फर्नेसवरच्या पत्र्याच्या पेटीतून) निघणारा टेक-ऑफ, ट्रंकचा (मुख्य डक्टचा) वळसा, रजिस्टरखालचा बूट (डक्ट आणि रजिस्टर जोडणारा तुकडा), एकेकाचे तीस-चाळीस फूट सहज होतात. आत पाती नसलेला काटकोनी चौकोनी एल्बो तर पन्नासच्याही वर जातो. समजा फिटिंगचे झाले २४५ फूट. एकूण ३२०. आता ०.१२ ला १०० ने गुणा, ३२० ने भागा. उत्तर ०.०३७५. हा तुमचा फ्रिक्शन रेट.

फरक किती पडतो? ६० हजार बीटीयू इनपुटची, ९६ टक्के कार्यक्षमतेची फर्नेस घ्या. आउटपुट ५७,६००. तापमानवाढ ५५ अंश फॅरनहाइट ठेवायची तर १.०८ च्या सूत्राने (बीटीयू भागिले १.०८ गुणिले तापमानवाढ) साधारण ९७० सीएफएम लागतात. ०.१ ला चकती म्हणते १४ इंच गोल डक्ट. ०.०३७५ ला तीच म्हणते १७ इंच. तीन इंच कमी पडले तर काय होतं ते मी जवळून पाहिलंय. जुन्या घराला मागे खोल्या वाढवल्या होत्या. डक्ट नवी, फर्नेस काही वर्षांपूर्वीची, पीएससी मोटरची, म्हणजे प्रेशर वाढलं की हवा कमी देणाऱ्या जुन्या धाटणीच्या मोटरची. पहिल्या कडाक्याच्या आठवड्यात मालकाचा फोन आला : फर्नेस पेटते, पण घर गरम होत नाही. आमच्याबरोबरच्या टेक्निशियनने दोन भोकं पाडली, एक फिल्टर आणि फर्नेसच्या मधे, दुसरं फर्नेस आणि कॉइलच्या मधे, आणि प्रेशर मोजणाऱ्या मॅनोमीटरची नळी लावली. रिटर्नला उणे ०.४१, सप्लायला अधिक ०.४८. चिन्हं सोडून बेरीज करायची असते : ०.८९. नेमप्लेटवर ०.५. तापमानवाढ ८२ अंश, नेमप्लेटची कमाल मर्यादा ७०. उलटा हिशोब केला तर हवा जेमतेम साडेसहाशे सीएफएम. एक्स्चेंजर जास्त तापत होता, हाय लिमिट स्विच बर्नर तोडत होता, ब्लोअर नुसताच फिरत राहत होता. मालक म्हणत होते, फर्नेस लहान पडली. तिथे मोठी फर्नेस बसवली असती तर हाल आणखी वाढले असते.

कृपा करून हे हलक्यात घेऊ नका. एक्स्चेंजर वर्षानुवर्षं असा जास्त तापत राहिला की त्याला चीर पडू शकते, आणि त्याच्या आतल्या बाजूला जळलेला वायू असतो. मुलं झोपलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइड म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

नव्या फर्नेसमध्ये ईसीएम मोटर असते, ती प्रेशर वाढलं तरी हवा टिकवायला धडपडते. त्यामुळे अडचण झाकली जाते, मिटत नाही. वीज जास्त जाते, रजिस्टर शिट्ट्या मारतात, मोटर लवकर जाते. तेव्हा 'ईसीएम आहे, चालतंय' हे उत्तर मान्य करू नका.

उपाय नेहमी डक्ट जाड करणं हाच असतो असंही नाही. वरच्या उदाहरणात रिटर्नही बराच अडलेला होता, आणि पुष्कळ घरांत तसंच असतं. सप्लायकडे सगळ्यांचं लक्ष, रिटर्न मात्र दोन जॉइस्टच्या (जमिनीखालच्या लाकडी तुळयांच्या) मधे पत्रा ठोकून काढलेला. एक रिटर्न वाढवला, काटकोनी एल्बोच्या जागी गोलाईचा घातला, एक इंचाऐवजी चार इंची फिल्टर बसवला, तर हिशोब बराच जागेवर येतो. घाबरून जाऊ नका. हे सगळं बेरीज-भागाकाराचं गणित आहे, कॉलेजात याहून कितीतरी अवघड तुम्ही सोडवलंय. बेडरूमचं दार बंद झाल्यावर तिथली हवा परत कशी येणार, एवढा प्रश्न मात्र प्रत्येक खोलीपुढे लिहून ठेवा.

सप्लाय रजिस्टर खिडकीखाली का देतात, हेही समजून घ्या. थंड काचेवरून गार हवा खाली घसरते, तिला वर ढकलायला तिथे गरम झोत लागतो. आपल्याकडची छतातून हवा सोडायची सवय हिवाळ्यात पायांना गार पाडते.

युनिट्सचा गोंधळ होणारच. कोड मेट्रिकमध्ये, फर्नेस बीटीयूमध्ये, पत्रा इंचात, थर्मोस्टॅट सेल्सिअसमध्ये. १ किलोवॉट म्हणजे तासाला ३४१२ बीटीयू, हे पाठ करा. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावचं काम आलं तर १.०८ तसाच वापरू नका. हवा विरळ असल्याने तो ०.९ च्या आसपास येतो.

गुरू कोणाला करावं? माझं मत ऐकायचं तर ऑफिसातल्या सर्वांत सीनियर माणसाला नको. ज्याच्या टूलबॅगेत मॅनोमीटर आहे त्याला. माझा खरा अभ्यास इथे ज्यांना टिन बॅशर म्हणतात, त्या पत्राकाम करणाऱ्या एका काकांबरोबर झाला. शनिवारी त्यांच्या शॉपवर जायचे. ते बूट वाकवता वाकवता सांगायचे, 'ही तू काढलेली रेघ, ही बीमच्या आरपार जाते. मी कुठून नेऊ?' तेव्हापासून जॉइस्टची दिशा बघितल्याशिवाय मी ट्रंक काढत नाही. सॉफ्टवेअर जरूर शिका, राइटसॉफ्ट इथे बऱ्याच ठिकाणी मागतात. पण एक पूर्ण घर आधी हाताने करा. हाताने न केलेल्याला सॉफ्टवेअरने कुठला डीफॉल्ट आकडा गुपचूप धरलाय ते दिसत नाही.

परवान्यांचं थोडक्यात. घराचं हीटिंग डिझाइन सादर करायला ओंटारिओत बीसीआयएन, म्हणजे बिल्डिंग कोडखालचा डिझायनरचा नोंदणी क्रमांक लागतो. त्यासाठी प्रांताच्या परीक्षा असतात, घरांसाठी 'एचव्हीएसी हाउस' आणि सोबत कायद्याचा पेपर. एचआरएआय या हीटिंग-कूलिंग उद्योगाच्या संघटनेचे कोर्स तयारीला चांगले, फी मात्र जड वाटते. पी.इंजि., म्हणजे परवानाधारक इंजिनिअर व्हायचं असेल तर पीईओने (ओंटारिओत इंजिनिअरांना परवाना देणाऱ्या संस्थेने) २०२३ मध्ये कॅनेडियन अनुभवाची अट काढली, हा मोठा दिलासा आहे. आमच्या वेळी त्या एका अटीपायी चांगली चांगली माणसं वर्षानुवर्षं खोळंबली होती. गॅसच्या पाइपला हात लावायचा तर टीएसएसए या प्रांताच्या सुरक्षा संस्थेचा गॅस टेक्निशियन परवाना लागतो. डिझायनरला तो सक्तीचा नाही, तरी जी३ चा (त्यातल्या पहिल्या पायरीचा) कोर्स केलेल्याला साइटवर वेगळा मान मिळतो.

मुलाखतीला जाताना भारतातल्या मोठ्या प्रोजेक्टांची यादी नेऊ नका, किंवा नेलीत तरी मागे ठेवा. तुम्ही भाड्याने राहता त्या घराचा खोलीवार लोड, फिटिंगसकट मोजलेली लांबी आणि त्यातून काढलेला फ्रिक्शन रेट, एवढी चार पानं न्या. शक्य असेल तर फर्नेसच्या नेमप्लेटचा फोटोही जोडा. समोरचा माणूस कामातला असेल तर तो थेट तिसऱ्या पानावर जाईल आणि विचारेल, ०.१ का नाही घेतलं?