अम्हारिक घरबसल्या कशी शिकायची, आपल्या बाराखडीच्या आधारानं

कारळाची चटणी आपण लहानपणापासून खातो, पण कारळाच्या शास्त्रीय नावात ‘ॲबिसिनिका’ आहे, म्हणजे ॲबिसिनियाचं, म्हणजे आताच्या इथिओपियाचं, हे मले एका शेतीच्या पुस्तकात दिसलं आणि तिथून मी तिकडच्या अम्हारिक भाषेच्या मागं लागलो. तिकडं कारळाले नूग म्हणतात आन जवसाले तेल्बा. गावातले दोघंतिघं पोट्टे विचारून राहिले का भाऊ सुरुवात कुठून करायची, म्हणून लिहून राहिलो.

पहिली गोष्ट, इंग्रजी अक्षरांतून शिकू नका. आधी लिपी. तिले फिदेल म्हणतात, ती आली गीझ भाषेतून, आणि गीझ म्हणजे तिकडची संस्कृत समजा, घरी कोणी बोलत नाही पण चर्चमधल्या प्रार्थना अजून तिच्यातच होतात. मूळ अक्षरं 33, प्रत्येकाची 7 रूपं, झाले 231. इंग्रजीतून येणाऱ्याले हा डोंगर वाटते, आपल्याले काहून वाटावा, आपण का कि की पहिलीतच गिरवलं. ल ची ओळ पाहा: लॅ, लु, लि, ला, ले, ल्, लो. सहाव्या रूपाकडं तेवढं ध्यान द्या, ते कधी नुसतं पाय मोडलेलं व्यंजन असते तर कधी त्यात एक अगदी हलका स्वर येते. रोज एक ओळ वहीत गिरवा, सव्वा महिन्यात लिपी हातात. मोबाईलच्या जीबोर्डमध्ये अम्हारिक कीबोर्ड आहे, तोही टाकून घ्या.

ह साठी दोनतीन वेगळी अक्षरं दिसतील, स साठी दोन. गीझमध्ये त्यांचे उच्चार वेगळे होते, अम्हारिकमध्ये एक झाले, जसं आपण बोलताना श आन ष एकच करतो. म्हणून शब्दकोशात शब्द सापडला नाही तर हार मानू नका, दुसऱ्या ह नं शोधा.

आता वाक्य. तिकडच्या पोरांचं शाळेतलं वाक्य आहे, अबॅबॅ बॅसो बॅला. बॅसो म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, आपला सातूच, आणि बॅला म्हणजे खाल्ला. अबॅबॅनं सातू खाल्ला. कर्ता, कर्म, क्रियापद, शब्दाले शब्द जुळला! अम्हारिक अरबी-हिब्रूच्या कुळातली, सेमिटिक, आणि जुन्या अरबीत क्रियापद बहुतेक पहिले येते, मग इथं ते शेवटी कसं गेलं? अभ्यासक सांगतात का शेजारच्या कुशिटिक भाषांचा हा परिणाम, तिकडचीच ओरोमो भाषा त्याच कुळातली. आपल्याकडं गोंडी आन मराठी, दोन कुळांच्या भाषा एकाच बाजारात बोलल्या जातात, त्यामुळं हा मुद्दा आपल्याले पुस्तक न वाचताही समजते, आणि मले वाटते आपल्या पोरांनी खरा अभ्यास करावा तो इथं.

बहुतेक धातू तीन व्यंजनांचे असतात. स-ब-र घ्या: सॅब्बॅरॅ म्हणजे त्यानं मोडलं, तॅसॅब्बॅरॅ म्हणजे मोडल्या गेलं. नवीन शब्द आला का पहिले व्यंजनं वेगळी काढा.

जुनी पुस्तकं वाचताना तारखांचं पाहा. तिकडचं साल आपल्या इंग्रजी सालाच्या 7-8 वर्ष मागं असते, पुस्तकावर 1960 छापलं असंन तर ते 1967 किंवा 68, आपल्या शकासारखंच बेरीज-वजाबाकीचं काम. आणि लेखक पहिल्या नावानं शोधा, दुसरं नाव बापाचं असते, आडनाव नाही. आदिस अबाबा विद्यापीठात 1963 पासून इथिओपियाच्या अभ्यासाची संस्था आहे, हॅम्बुर्गहून 2003 ते 2014 मध्ये इथिओपियावरचा 5 खंडांचा ज्ञानकोश निघाला. चामड्यावरच्या जुन्या पोथ्या पाहाच्या असतील तर अमेरिकेतल्या हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररीच्या साईटवर नाव नोंदवून फुकट पाहता येतात, रिद्धपूरच्या महानुभाव पोथ्यांवर जीव असणाऱ्याले तिथं रात्र पुरणार नाही.

पण माणूस पाहिजेच. हिओब लुडॉल्फ नावाच्या जर्मन अभ्यासकाले 1649 मध्ये रोममध्ये अब्बा गोर्गोर्योस हे इथिओपियाचे साधू भेटले, सुरुवातीले दोघांची बोलाची भाषा गीझच होती, पुढं 1652 मध्ये गोर्गोर्योस जर्मनीत गोथाले आले, आणि 1698 मध्ये लुडॉल्फचं अम्हारिक व्याकरण छापलं. तो स्वतः इथिओपियाले कधी गेला नाही. छापलं लुडॉल्फच्या नावानं, पण त्यातली भाषा गोर्गोर्योसची, हे विसरू नका.

आपल्या देशातही इथिओपियाचे विद्यार्थी शिकाले येतात, कोणी ओळखीचा निघाला तर सेलाम म्हणा आणि दोन गोष्टी त्याच्या तोंडून मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. एक म्हणजे कापसाचा शब्द, ‘तित’ सारखा, पण दोन्ही त घशात श्वास अडवून फोडलेले, ना आपला त ना ट, मी वहीत त्याखाली टिंब देतो. दुसरी, जोडाक्षराची. लिपी दुप्पट व्यंजन दाखवतच नाही, बॅला लिहितात आन बॅल्ला म्हणतात. अलॅ म्हणजे तो म्हणाला, अल्लॅ म्हणजे आहे, कागदावर दोन्ही एकसारखे. कान तयार होईपर्यंत ते रेकॉर्डिंग वावरात जाता-येता ऐका.