रसवंतीच्या चिपाडातून ग्लुकोज काढताना: आधी धुणं, मग बाकीचं

पुण्यात हडपसरला गाडीतळाजवळ घुंगरांचा आवाज आला की माझं लक्ष रसाच्या ग्लासाकडे जातच नाही. चरकाच्या मागे चिपाडाचा ढीग किती ताजा आहे, ते मी आधी बघते. गेली अकरा वर्षं बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या मुलांकडून मी या चिपाडातलं ग्लुकोज काढून घेतेय. दुसऱ्या पिढीचं, म्हणजे रसाऐवजी चिपाडासारख्या शेतकचऱ्यापासून केलेलं, इथेनॉल म्हणतात त्याची खरी अडचण इथेच आहे. ग्लुकोज हातात आलं की यीस्ट आपलं काम करतं. पण सेल्युलोजमधून ग्लुकोज सोडवणं जिकिरीचं आहे.

वाळलेल्या चिपाडात साधारण 40 ते 45 टक्के सेल्युलोज असतं, 25 ते 30 टक्के हेमीसेल्युलोज (दुसऱ्या साखरांच्या साखळ्या) आणि 20 ते 25 टक्के लिग्निन. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक साखळी, पण लिग्निन या चिवट पदार्थाने ती लिंपून टाकलेली असते. ती साखळी तोडणाऱ्या एन्झाइमला आत शिरायला वाट करून द्यायची, हे आपलं पहिलं काम.

त्याच्याही आधी धुणं. पहिल्या वर्षी मी तेच टाळलं होतं. चिपाड गच्चीवर वाळवलं, दळलं आणि थेट सौम्य सल्फ्युरिक आम्लात उकळलं. डीएनएस (साखर मोजायचं रसायन, ग्लुकोजसारखी साखर असली की लाल होतं) टाकल्यावर नळी बघता बघता विटेसारखी लाल झाली. मुलं हरखली, मीही हरखले आणि तो आकडा विभागातल्या सगळ्यांसमोर मांडला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, यात रस किती उरला होता?" आम्ही चिपाड नीट धुऊन प्रयोग पुन्हा केला, तेव्हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. चिपाडात उरलेल्या रसातलं सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, एरवी डीएनएसला दिसत नाही. आम्लात मात्र ते फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि आपल्याला वाटतं सेल्युलोजच फुटलं. तो आकडा मी सगळ्यांसमोर मागे घेतला. तेव्हापासून धुण्याच्या बाबतीत मी कुणालाच सूट देत नाही.

रसवंतीच्या चिपाडात आल्याचे तुकडे आणि लिंबाच्या फोडीही असतात, त्या हाताने वेचून काढा. मग चिपाड कोमट पाण्यात तासभर भिजवा, पिळा, पाणी बदला. पिळलेल्या पाण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर शून्य ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं माप) दाखवेपर्यंत हे करत राहायचं. मला चार-पाच पाणी लागतात. नंतर 60 अंशाच्या ओव्हनमध्ये वाळवून मिक्सरमधून काढा आणि बारीक रव्याच्या चाळणीने चाळून घ्या. तुळशीबागेत मिळते ती स्टीलची चाळण यासाठी पुरते.

आता कॉस्टिक सोडा. 50 ग्रॅम कोरडा भुसा, 750 मिली पाणी, 15 ग्रॅम कॉस्टिक. चष्मा आणि हातमोजे घालूनच. कॉस्टिक पाण्यात थोडं थोडं सोडा, द्रावण चांगलंच तापतं. एक लिटरच्या दोन काचेच्या बाटल्यांत वाटून घ्या, झाकणं सैल ठेवा आणि ऑटोक्लेव्हमध्ये (प्रयोगशाळेतला वाफेचा प्रेशर कुकर) 121 अंशांवर एक तास द्या. घरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर यात आणूच नका. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो.

बाटली थंड झाल्यावर आत काळ्या चहासारखं पाणी दिसेल. लिग्निनचा मोठा भाग त्यातच गेलेला असतो. ते पाणी तसंच मोरीत ओतू नका, वेगळ्या बादलीत ठेवा. वरून हळूहळू सौम्य आम्ल घातलं की लिग्निनचा तपकिरी गाळ बसतो. गाळ गाळून घ्या आणि पाणी उदासीन झाल्यावरच सोडा.

इथे दुसरं धुणं येतं आणि मुलं हमखास फसतात ती इथेच. लगदा पंचाच्या कापडात बांधून नळाखाली धरला की दहा मिनिटांत पीएच पेपर सात दाखवतो. तो लगदा अर्धा तास नुसता ठेवा, मुठीत दाबा आणि निघालेल्या थेंबाला पेपर लावा. पेपर पुन्हा हिरवा-निळा होतो. तंतूंच्या आत दडलेलं कॉस्टिक सावकाश बाहेर येत असतं. हातमोज्याखाली लगदा साबणासारखा बुळबुळीत लागत असेल, तर काम बाकी आहे असं समजा. मी लगदा रात्रभर भरपूर पाण्यात ठेवते, सकाळी पुन्हा धुते आणि दाबून काढलेल्या पाण्याचाच पीएच मोजते.

धुतलेला लगदा वाळवू मात्र नका. वाळला की तंतूंमधली छिद्रं मिटतात, आणि इतक्या कष्टाने एन्झाइमसाठी उघडलेली वाट आपणच बुजवतो. ओलाच फ्रिजमध्ये ठेवा. त्यातला चिमूटभर वेगळा वाळवून ओलावा काढा आणि हिशोब त्यावरून करा. माझ्याकडे 50 ग्रॅममधून कोरड्या वजनाने साधारण 32 ग्रॅम उरतो.

एन्झाइमचा टप्पा त्यामानाने सरळ आहे. कोरड्या वजनाने 5 ग्रॅम होईल इतका ओला लगदा घ्या, 0.05 मोलर सायट्रेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घाला, पीएच 4.8, एकूण 100 मिली. आधी हे ऑटोक्लेव्ह करून थंड करा, मगच सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) घाला, ग्रॅमला 15 एफपीयू (एन्झाइमची ताकद मोजायचं एकक) या हिशोबाने. 50 अंश, 72 तास. शेकर असेल तर मिनिटाला 150 फेऱ्या. नसेल तर येता-जाता हलवत राहा. फ्लास्कचं तोंड नीट झाका आणि सुरुवातीला व शेवटी वजन करा. तीन दिवसांत पाणी उडालं तर साखर न वाढताही आकडा वाढतो.

हे एन्झाइम ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीचं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे कापडी तंबू कुजत होते, तिथे ती सापडली. सुती कापड म्हणजे सेल्युलोजच, हे मुलांना या गोष्टीतून जितकं पटतं तितकं सूत्र लिहून पटत नाही. स्वतः बुरशी वाढवायची असेल तर पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. कॉलेजच्या पत्रावर तिथून कल्चर मागवता येतं.

सोबत दोन फ्लास्क आणखी ठेवायचेच. एकात नुसतं बफर आणि एन्झाइम, दुसऱ्यात नुसता लगदा आणि बफर. बाजारच्या एन्झाइममध्येही टिकण्यासाठी साखर घातलेली असू शकते. हे दोन आकडे वजा केल्याशिवाय तुमचा आकडा तुमचा नाही. दर वेळी काढलेला नमुना पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, म्हणजे एन्झाइम तिथेच थांबतं.

मोजताना डीएनएस जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यात हेमीसेल्युलोजमधून आलेली झायलोज ही दुसरी साखरही मोजली जाते, आणि साधं यीस्ट झायलोज आंबवत नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातली साखर बघायला वापरतात तो जीओडी-पीओडी किट घ्या, तो फक्त ग्लुकोज मोजतो. नमुना पातळ करून घ्यावा लागतो.

हिशोब असा. लगद्यात 60 टक्के सेल्युलोज धरलं तर 5 ग्रॅममध्ये 3 ग्रॅम. साखळी तुटताना दर कडीला पाणी जोडलं जातं, म्हणून 1.11 ने गुणायचं: जास्तीत जास्त 3.33 ग्रॅम ग्लुकोज. 100 मिलीत 2.2 ग्रॅम मिळालं तर 66 टक्के झालं, आणि पहिल्या खेपेला हे उत्तम आहे. 20 टक्क्यांवर अडकलात तर एन्झाइमला दोष देण्याआधी लगद्याचा पीएच पुन्हा बघा.

आम्लाचा मार्गही आहे. त्यात हेमीसेल्युलोज चांगलं सुटतं, पण उष्णता जास्त झाली की फरफ्युरल तयार होतं आणि ते यीस्टला मारक ठरतं. पहिल्यांदा करणाऱ्याला मी तो सुचवत नाही.

यीस्ट घालून बुडबुडे बघायला हरकत नाही. आसवनाला, म्हणजे उकळून इथेनॉल वेगळं काढायला, मात्र राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, त्यामुळे आम्ही तिथेच थांबतो. कागदावर 66 टक्क्यांच्या हिशोबाने 50 ग्रॅम चिपाडातून फार तर 9 मिली इथेनॉल निघतं. हा आकडा मी फळ्यावर लिहिते, बाजूला काळ्या पाण्याची बादली ठेवते आणि धुण्यात एकूण किती लिटर पाणी गेलं ते मुलांनाच मोजायला लावते.