दसऱ्याचं जेवण घरी करताय? या चुका टाळा

दसऱ्याला माणसं जेवायला बोलावली की बेत जवळजवळ ठरलेलाच असतो. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फतफतं, काकडीची कोशिंबीर, वरणभात, मसालेभात, पापड-कुरडया, मठ्ठा. यातला एकही पदार्थ फार अवघड नाही. तरी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी श्रीखंड पातळ होतं, पुऱ्या तेल पितात, बाराचं जेवण अडीचला सुरू होतं आणि घरची बाई चार वाजता ओट्याशी उभी राहून दोन घास खाते. कृती हव्या तेवढ्या मिळतात, त्या मी सांगत बसत नाही. बिघडतं ते वेळेच्या हिशोबात. ज्या पदार्थाला अख्खी रात्र लागते तो सकाळवर ढकलला जातो, आणि जो पानं मांडल्यावर करायचा तो पहाटेच उरकून ठेवला जातो. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

श्रीखंड दसऱ्याच्या सकाळी करायला घेणं

माझ्या पुतण्याने नव्या घरातल्या पहिल्या दसऱ्याला तीसेक माणसं बोलावली. दोघं नवरा-बायको हौशी आणि कामसू. दसऱ्याच्या सकाळी डेअरीसमोर रांग लावून त्याने तीन किलो चक्का आणला. त्या दिवशी चक्क्याला एवढी मागणी असते की नीट निथळायला वेळच मिळत नाही, ओलसर चक्काच वजन करून दिला जातो. यांनी तो तसाच मिक्सरमध्ये घातला, वर साखर, वर अर्धी वाटी केशराचं दूध. मी अकराला पोहोचले तेव्हा पातेल्यात केशरी रंगाचं दाट ताक होतं. घट्ट व्हावं म्हणून त्यातलं अर्धं त्यांनी फ्रीजरमध्ये ठेवलेलं, त्यात बर्फाचे खडे झालेले. सूनबाईचे डोळे भरून आले होते. ‘काकू, दूधच पातळ असणार हो त्यांचं,’ ती परत परत म्हणत होती.

दुधाचा काही दोष नव्हता. साखर विरघळली की श्रीखंड आधी सैल होतंच आणि नंतर थंडाव्यात बसतं. त्याला बसायला रात्र हवी, आणि इथे तासाभराने पंगत बसायची होती. शिवाय मिक्सरच्या पात्याने चक्क्याची घडणच मोडते. मग फ्रीजरमध्ये ठेवा नाही तर आणखी कुठे, ते पुन्हा घट्ट होत नाही. आम्ही त्यात ताजं ताक, जायफळ आणि चिमूटभर मीठ घालून सगळ्याचं पीयूष केलं आणि दुसऱ्या गॅसवर एक किलो रव्याचा केळं घालून शिरा चढवला. पीयूष पेल्यांतून आधी दिलं, शिरा पानात वाढला. पाहुणे तृप्त झाले. पण तिला लेकराबाळांच्या पानात श्रीखंड वाढायचं होतं, ते राहिलंच.

माझी पद्धत सांगते. अष्टमीच्या रात्री म्हशीचं दूध विरजते. ऑक्टोबरच्या उकाड्यात दही सहा-सात तासांत लागतं, त्यामुळे पहाटे उठून बघायचं आणि लागलं असेल तर लगेच फ्रीजमध्ये सरकवायचं. नवमीला सकाळी पंच्यात बांधून दोन-तीन तासच टांगते, धार थांबून थेंब थेंब पडायला लागेपर्यंत. मग पुरचुंडी चाळणीत, चाळणी पातेल्यावर, वर वजन, आणि सगळं फ्रीजमध्ये. रात्रभर खुंटीला टांगून ठेवायची जुनी रीत थंडीत ठीक आहे. दसऱ्याच्या आसपास दुपारी चांगलंच तापतं आणि रात्रीही घरात उबारा असतो. विरजणातले जिवाणू त्या उबेत काम करत राहतात आणि सकाळी चक्का आंबट लागतो. मग साखर वाढवली जाते, आणि साखर वाढली की श्रीखंड आणखी सैल.

नवमीला संध्याकाळी एक किलो चक्क्याला आठशे ग्रॅम साखर मिसळून तासभर झाकून ठेवते, मग पुरणयंत्रातून काढते. पुरणयंत्र नसेल तर पातेल्याच्या तोंडाला स्वच्छ मलमल ताणून बांधा आणि हाताने घासून काढा. हात दुखतो, वेळ जातो, पण श्रीखंड रेशमासारखं होतं. याला पर्याय म्हणून हँड ब्लेंडर सुचवणाऱ्यांचं मी ऐकत नाही. केशर दोन चमचे कोमट दुधातच भिजवायचं, त्याहून जास्त दूध नको. वेलची, जायफळ, किंचित मीठ. रात्रभर फ्रीजमध्ये. दसऱ्याला सकाळी त्यात चारोळ्या घालण्यापलीकडे काही करायचं नाही.

चक्का विकतच आणायचा असेल तर जरूर आणा, पण नवमीला, आणि आणल्यावर तीन-चार तास परत बांधून ठेवा. परदेशातल्या माझ्या भाच्या ग्रीक योगर्टचं करतात. तेही छान होतं, मात्र पूर्ण स्निग्धांशाचं घ्यायचं आणि तेसुद्धा बांधायचं. बिनसायीच्या योगर्टचं श्रीखंड खडूसारखं लागतं. त्यांच्याकडे दसरा सोयीच्या शनिवारी होतो. म्हणजे घरीच विरजायचं असेल तर विरजण गुरुवारी रात्री.

पुरीची कणीक पहाटे मळून ठेवणं

श्रीखंडाला उशीर होतो तर पुरीला घाई. ‘तेवढंच काम हातावेगळं’ म्हणून सकाळी सहाला तीन किलो कणीक मळून ठेवली जाते. बारा वाजेपर्यंत ती सैल पडते, काळपट होते. सैल कणकेची पुरी लाटताना पोळपाटाला चिकटते, मग तिला कोरडं पीठ लावलं जातं, ते पीठ कढईत उतरून जळतं, तेल काळं पडतं आणि दुसऱ्या पंगतीच्या पुऱ्यांना करपट वास येतो. मोठ्या जेवणात मी हे इतक्या वेळा बघितलंय की कढईच्या तळाशी बसलेला काळा गाळ बघूनच कणीक किती वाजता मळली ते सांगता येतं.

कणीक पंगतीच्या अर्धा-पाऊण तास आधी मळायची, तीही एकदम सगळी नाही. एक-एक किलोचे घाणे करायचे. किलोला मूठभर बारीक रवा, चार चमचे कडकडीत तेलाचं मोहन, मीठ, चमचाभर साखर. पाणी हात आखडून घालायचं. मळताना मनगट दुखलं पाहिजे इतकी घट्ट. वीस मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवून पुन्हा तेलाच्या हाताने मळायची. लाटताना पीठ अजिबात नको, पोळपाटावर तेलाचं बोट फिरवायचं.

मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापायची युक्ती मला पसंत नाही. कडेचे तुकडे पुन्हा मळून लाटले की त्या पुऱ्या कडक होतात, आणि पंगतीत नेमकं कुणाच्या पानात काय जाईल याचा नेम नसतो. दाबायच्या यंत्राचंही तेच. मध्ये जाड, कडेला पातळ, मग पुरी एका बाजूने फुगते. दोन माणसं लाटायला बसली तर तळणाऱ्या एका माणसाला पुरेसं काम मिळतं, मग यंत्राची गरज पडत नाही.

लाटलेल्या पुऱ्या एकावर एक रचू नका, चिकटतात. ओट्यावर धोतराचं फडकं पसरून त्यावर सुट्या ठेवा, वरून दुसरं फडकं. सुकलेली पुरी फुगत नाही, त्यामुळे दहा-बारांपेक्षा जास्त लाटून ठेवायच्याच नाहीत. तेल तापलं का ते बघायला कणकेची सुपारीएवढी गोळी टाकायची. ती लगेच वर आली पाहिजे. तळाशी रेंगाळली तर पुरी तेल पिणार. आली आणि तत्क्षणी लाल झाली तर आच कमी करा. एका वेळी कढईत दोन, फार तर तीन. सहा टाकल्या की तेल थंड होतं. तळलेल्या पुऱ्या डब्यात कोंबून झाकण लावलं तर वाफेने पाच मिनिटांत मऊ पडतात. वेताच्या टोपलीत उभ्या ठेवा.

आणि आता जे मला मनापासून सांगायचंय ते. पुऱ्या तळणारं माणूस एकच असू नये. पहिल्या पंगतीला जी तळते तिने दुसऱ्या पंगतीला बसायचं, आणि दुसऱ्या पंगतीचं तळण पहिल्या पंगतीत जेवून उठलेल्याने करायचं. पुरुषांनीसुद्धा. आमच्याकडे हा नियम आहे आणि बोलावणं करतानाच कोण कधी तळणार ते ठरतं. ऐनवेळी विचारलं की सगळे हात पुसून बाहेर जातात. सणाचं जेवण ज्यांनी रांधलं त्यांनी ते गरम खावं, यात मला तडजोड चालत नाही.

किती लागतं याचा अंदाज न करणं

पंचवीस माणसांना माझा हिशोब असा: श्रीखंड तीन किलो, म्हणजे पावणेदोन किलो चक्का. घरी करायचा तर म्हशीचं साधारण चार-साडेचार लिटर दूध. पुऱ्या माणशी सहा, कणीक अडीच किलो. बटाटे तीन किलो. मसालेभाताला एक किलो तांदूळ, साध्या भाताला पाऊण. तूरडाळ अर्धा किलो. भात सगळ्यांकडे उरतो, कारण पुरीच्या जेवणात भात कमी जातो हे लोक विसरतात. श्रीखंड सगळ्यांकडे कमी पडतं.

गोडाचे तीन प्रकार करणाऱ्यांनाही सांगते: श्रीखंडाबरोबर बासुंदी आणि जिलबी ठेवली की लोक तिन्हीतलं थोडं थोडं चाखतात आणि पोटभर काहीच खात नाहीत. एकच गोड करा, आग्रहाने वाढा.

बाकीच्या, पण याही होतातच

अळू कच्चं राहणं. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा त्यानेच खवखवतो. देठ सोलून, पानं कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवून, चिंच घालून चांगलं उकळा. फतफतं आदल्या दिवशी केलं तर जास्तच मुरतं. पानं निवडताना हाताला तेल लावा.

कोशिंबिरीत आधी मीठ घालणं. काकडीला पाणी सुटतं आणि ते पानभर पसरतं. काकडी चोचवून, पिळून फ्रीजमध्ये ठेवा. दाण्याचं कूट, मीठ, लिंबू, फोडणी पाटावर बसायची हाक मारल्यावर.

मसालेभाताला आंबेमोहोर घेणं. आंबेमोहोर वरणभाताचा राजा आहे, पण मसालेभातात त्याचा गिचका होतो. जुना कोलम घ्या, तोंडली परतून घ्या.

बटाट्याच्या भाजीला नवे बटाटे. चिकट होते. जुने घ्या आणि उकडून पूर्ण गार होऊ द्या. नैवेद्यात जाणार असेल तर कांदा-लसूण नको.

नैवेद्याआधी चव बघता येत नाही म्हणून मीठ भरपूर घालणं. हात राखूनच घाला. पानात वर मीठ वाढलेलं असतंच, त्यासाठीच ते असतं.

पूजेचा वेळ न धरणं. दसऱ्याच्या सकाळी तोरणं बांधायची असतात, शस्त्रांची, पाटीची, गाडीची पूजा असते, घट उठायचे असतात. घरातली निम्मी माणसं त्यात गुंतलेली असतात. त्यामुळे सकाळी नऊ ते अकरा स्वयंपाकघरात पूर्ण हात मिळतील असं धरूच नका. भाजी चिरणं, नारळ खवणं, चटणी वाटणं, दाण्याचं कूट, गोडा मसाला, कोथिंबीर निवडणं हे सगळं नवमीच्या रात्री. आणि भरलेला जादा सिलिंडर घरात आहे ना, ते आठवडाभर आधी बघा.

पाहुण्यांना उपासाबद्दल न विचारणं. नवरात्र काहींकडे नवमीला उठतं, काहींकडे दशमीला. नऊ दिवस उपास केलेल्या माणसाच्या पानात एकदम तळणीचे पदार्थ येऊन पडले तर त्याला त्रास होतो. अशांना आधी मऊ वरणभात-तूप-लिंबू वाढा, पुरी हळूहळू. आणि काही घरांत दसऱ्याला मटणाचा बेत असतो. तुमच्याकडे बोलावलेली माणसं तिकडूनही येणार असतील, तर वेळ आधीच बोलून घ्या.

पानं मांडायला कुणी नसणं. स्वयंपाक तयार आणि मीठ-लिंबू-चटणी कुठल्या बाजूला ते माहीत असलेलं एकही माणूस मोकळं नाही, असं होतं. डावी-उजवी बाजू मुलांना आदल्या दिवशी एकदा मांडून दाखवा, सकाळी तीच आवडीने करतात.

शेवटचं. संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येतात, आपट्याची पानं हातात ठेवतात, वाकून नमस्कार करतात, आणि आपल्याकडे द्यायला दुकानातल्या पेढ्याशिवाय काही उरलेलं नसतं. पहिली पंगत बसायच्या आधीच पाऊण किलो श्रीखंड वेगळ्या डब्यात काढा, डब्यावर झाकण घट्ट लावा आणि तो फ्रीजमध्ये सगळ्यात मागे ठेवा. दोन वाट्या पुरीची कणीकही कोरडीच ठेवा, मळायची संध्याकाळी सहानंतर.