क्लेअरमध्ये पत्ता शोधताना

आयर्लंडच्या क्लेअर काउंटीत गाडीने फिरणार असाल, तर मुक्कामाच्या घराचा एअरकोड, म्हणजे तिथला टपालाचा कोड, आधीच मागून घ्या. खेड्यांत बऱ्याच घरांना नंबर नसतो. एकाच टाउनलँडमधल्या (तिथला जमिनीचा सर्वांत छोटा विभाग) चार-पाच घरांचा पत्ता शब्दशः सारखा निघतो. 2015 साली आलेला हा सात अक्षर-अंकांचा कोड मात्र दर घराचा वेगळा. क्लेअरमध्ये तो बहुतेक व्ही95 ने सुरू होतो.

प्रेक्षणीय ठिकाणांना हा कोड उपयोगाचा नाही, कारण माळावरच्या दगडांना टपाल येत नाही! तिथे रस्त्याचा नंबर धरा. पूलनब्रोनची अश्मयुगीन समाधी आर480 वर आहे, बॅलीव्हॉनच्या दक्षिणेला. तिकीट नाही, छोटा वाहनतळ आहे, तिथून पाच मिनिटं चालायचं. पण बूट चांगले घाला. बरेन या इथल्या खडकाळ भागातला चुनखडक सपाट दिसला तरी त्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा असतात, आणि पावसात तो भलताच निसरडा होतो. तोच रस्ता पुढे आर476 ला मिळतो, त्या वळणावर लेमनेहचा पडका किल्ला दिसतो. जागा खासगी आहे, रस्त्यावरूनच बघा. तिथून पश्चिमेला किलफेनोरा, जुन्या कोरीव क्रॉससाठी आवर्जून थांबावं असं गाव.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून. फेब्रुवारी 2025 पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी 80 वरून 60 किलोमीटरवर आली आहे. अरुंद बोळांत तेवढाही वेग जास्तच वाटतो. नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा.