उसाच्या पोंग्यातून रोपं: कॅलस ओळखता आला पाहिजे

वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, आपण जनावरांपुढं टाकतो. त्याच वाढ्याच्या पोंग्यातून, म्हणजे आतल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीतून, आधी कॅलस (पेशींचा आकार नसलेला गोळा) येतो, त्यात कायिक भ्रूण, म्हणजे बीजाशिवाय साध्या पेशींपासून झालेले भ्रूण, तयार होतात आणि एकेका भ्रूणाचं रोप होतं. वाळवा तालुक्यातल्या एका टिश्यूकल्चर लॅबमध्ये मी को ८६०३२ या उसाच्या वाणावर हेच काम करते.

सहा-सात महिन्यांच्या निरोगी उसाचा शेंडा आणा, त्याच दिवशी लावा. बाहेरची पानं सोलत जा, दर थराला स्पिरिटनं पुसा. शेवटी करंगळीएवढी पिवळट गुंडाळी उरते. वाढीच्या टोकाच्या लगेच वरच्या चार-पाच सेंटिमीटरच्या २-३ मिलिमीटर जाड चकत्या करा. कांदा चिरल्यासारखी एकात एक वलयं दिसतात. त्याहून वरचं पान जून, त्याला कॅलस धरत नाही.

चकत्या एम.एस. माध्यमावर (मुराशिगे-स्कूग, रोपपेशी वाढवायचं क्षारांचं ठरलेलं मिश्रण) ठेवा; त्यात लिटरला ३० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम अगार, ३ मिलिग्रॅम टू-फोर-डी, पीएच ५.८. उसात तणावर मारतो तेच हे टू-फोर-डी, पण शेतातली बाटली इथं चालत नाही, लॅबचं शुद्धच घ्या. बाटल्या अंधारात, २५ ते २७ अंशांवर. चकतीखाली माध्यम तपकिरी पडलं की वाट न बघता ताज्या माध्यमावर हलवा.

तीन-चार आठवड्यांनी खरी परीक्षा. एकाच चकतीवर दोन तऱ्हेचा कॅलस येतो. एक मऊ, ओलसर, काचेसारखा, झपाट्यानं फुगणारा. दुसरा सावकाश वाढणारा, दुधाळ, घट्ट, वर रव्यासारखे दाणे. सुरुवातीला मी फुगलेला उचलला आणि बारा बाटल्यांत नुसत्या मुळ्या आल्या. दाणेदारच घ्या, चिमट्यानं हलकेच सुटा करा, ओला भाग तिथंच सोडा.

मग टू-फोर-डी बंद, सोळा तास उजेड. दाण्यांवर हिरवे ठिपके येतात, त्यांचे कोंब होतात. मुळ्या फुटल्या की कोकोपीटच्या ट्रेमध्ये, शेडनेटखाली.

बेण्यासाठी मात्र ही वाट धरू नका. टू-फोर-डीच्या ताज्या माध्यमावर कॅलस जितक्या वेळा हलवाल तितका मूळ वाणापासून फरक पडण्याचा धोका वाढतो. बेण्याला शेंड्याच्या मेरिस्टेमचीच, म्हणजे वाढीच्या टोकाचीच, रोपं हवीत. मला हा फरकच हवा आहे. कृष्णाकाठचं आमचं सव्वा एकर क्षारपड झालंय. म्हणून दाणेदार कॅलस मी मीठ घातलेल्या माध्यमावर ठेवते आणि तग धरेल तेवढाच पुढं नेते. प्रत्येक बाटलीवर ताज्या माध्यमावर हलवण्याचा कितवा फेर आणि मीठ किती, हे लिहिलेलं असतं. त्यातली पहिली रोपं सध्या ट्रेमध्ये आहेत, आडसालीला त्याच रानात लावणार.