मधुमेह आणि रक्तदाब : ॲलोपॅथीसोबत आयुर्वेदिक औषधे घ्यायची असतील तर

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या पुष्कळ घरांत मेटफॉर्मिनच्या पाकिटाशेजारी जांभळाच्या बियांचे चूर्ण, कारल्याचा रस, वैद्यांनी दिलेली वटी आणि नात्यातल्या कोणीतरी खात्रीने सुचवलेला काढा असे सगळे एकाच वेळी चालू असते. डॉक्टरांना काढ्याची कल्पना नसते आणि वैद्यांना गोळ्यांची नावे सांगितलेली नसतात. दोन उपचारपद्धती सोबत घेण्यात मुळात गैर काही नाही. धोका असतो तो एकीपासून दुसरी लपवून ठेवण्यात. पुढील सूचना टाइप २ मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या प्रौढांसाठी आहेत. टाइप १ मधुमेहात इन्सुलिनला कोणताही पर्याय नाही आणि ते बंद करण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी तो मानू नये. गरोदर स्त्रियांनी आणि मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही वनौषधी सुरू करू नये.

सुरुवात एका फाइलपासून करावी. तिच्यात पोटात जाणाऱ्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, घेण्याची वेळ आणि ते कोणी दिले हे लिहावे. च्यवनप्राश, इसबगोल आणि प्रोटीन पावडरही त्यातून वगळू नये. वैद्यांकडून नावाशिवाय पुड्या मिळत असतील, तर घटकद्रव्ये लिहून मागावीत. ती लिहून देण्यास जे तयार नसतील, त्यांचे औषध घेऊ नये, इतके स्पष्ट धोरण ठेवलेले बरे. नवे औषध सुरू करण्यापूर्वी एचबीए१सी (रक्तातील साखरेची सरासरी), मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन, आणि यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात. आधीचा आकडा हाती असला, तरच पुढे काही बिघडल्यास त्याचे कारण शोधता येते.

एका वेळी एकच बदल करावा. चूर्ण, नवा आहार आणि वाढवलेली गोळी एकाच आठवड्यात सुरू झाली, तर साखर कशामुळे उतरली हे कोणालाच सांगता येणार नाही. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे नव्या औषधाचा हिशेब तेवढ्या काळानंतरच करावा. मात्र त्या दरम्यान घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी. आकडे सुधारले, तर गोळी कमी करण्याचा निर्णय ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचा आहे. बरे वाटते म्हणून गोळी स्वतःच बंद करणे ही या सगळ्या प्रकारातील सर्वांत महागात पडणारी गोष्ट आहे, कारण साखर आणि रक्तदाब वाढलेले असतानाही माणसाला बरेच वाटत असते.

साखर उतरवणाऱ्या वनस्पतींबाबत उलटा धोकाही ध्यानात ठेवावा लागतो. गुडमार, कारले, मेथी यांचा थोडाफार परिणाम होतो असे मानले, तर ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर किंवा इन्सुलिनवर त्याची भर पडून साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. केवळ मेटफॉर्मिन चालू असताना असे सहसा होत नाही. हातांना कंप, दरदरून घाम, धडधड, अचानक भूक किंवा गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसताच साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काहीतरी खावे. रुग्ण बेशुद्ध असेल, तर त्याच्या तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

रक्तदाबाच्या रुग्णांनी ज्येष्ठमधाविषयी विशेष सावध राहावे. खोकल्याच्या काढ्यांत आणि आम्लपित्ताच्या चूर्णांत ते सर्रास असते. बरेच दिवस घेतल्यास त्याने रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ही घट अधिकच होते. सर्पगंधेची गोष्ट याच्या उलट आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि तिच्यातील रेसरपिन हे द्रव्य पुढे जगभर वापरले गेले. त्याच रेसरपिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येत असल्याचेही नंतर दिसून आले. अशी वनस्पती ॲम्लोडिपिनच्या जोडीला घेणे म्हणजे रक्तदाबाची दोन औषधे घेणे होय, आणि तिच्याकडे त्याच गांभीर्याने पाहावे.

काही औषधांत केवळ वेळेचे अंतर पुरते. इसबगोल इतर गोळ्यांचे शोषण कमी करू शकते, म्हणून गोळ्यांच्या आणि त्याच्यामध्ये निदान दोन तास जाऊ द्यावेत. थायरॉक्सिनची गोळी असेल, तर चार. अश्वगंधेचा प्रश्न मात्र अंतराने सुटत नाही, कारण तिच्यामुळे थायरॉइडची पातळी वाढू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी लसूण किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेऊ नयेत. स्वयंपाकातील हळद-लसणाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

यकृत आणि मूत्रपिंड हे दोन अवयव या सगळ्यात सर्वाधिक भार सोसतात. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तरीही भूक मरणे, लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळे दिसणे असे काही झाल्यास वाद बाजूला ठेवून औषध थांबवावे आणि तपासणी करावी. पारा, शिसे किंवा आर्सेनिकची भस्मे असलेली रसौषधे ज्यांच्या लघवीत अल्ब्युमिन जाऊ लागले आहे, अशा मधुमेहींनी टाळावीत, असे माझे मत आहे. परदेशी राहणाऱ्यांनी इथून औषधे मागवतानाही हे पाहावे : बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये हे जड धातू आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. आसव-अरिष्टांत गूळ किंवा साखर असते आणि किण्वनातून तयार झालेले मद्यार्कही असते, त्यामुळे मधुमेहींनी त्यांऐवजी चूर्ण किंवा वटी मिळेल का, असे वैद्यांना विचारावे.

पंचकर्म किंवा लंघन ठरवण्यापूर्वी दोन्ही चिकित्सकांचे एकमत घ्यावेच लागते. विरेचनाने, म्हणजे जुलाब करवण्याने, शरीरातील पाणी कमी होते आणि उपासात ग्लिमेपिराइडने साखर कोसळू शकते. डापाग्लिफ्लोझिन गटातील, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी, गोळी चालू असताना उपाशी राहिल्यास साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो. त्या दिवसांत कोणती गोळी थांबवायची, किती दिवस आणि परत केव्हा सुरू करायची, हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावे. एकादशीच्या उपासालाही हेच लागू आहे, जरी साबुदाण्याच्या खिचडीमुळे तिथे अडचण बहुधा साखर वाढण्याचीच असते.

योगासने आणि प्राणायाम ही जोड देण्यास सर्वांत सोपी आणि कमी धोक्याची बाब आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून त्यांचा शास्त्रीय अंगाने अभ्यास होत आला आहे. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडला असेल, तर शीर्षासन, कपालभाती आणि भस्त्रिका मात्र वर्ज्य समजावीत. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांचा इतर औषधांशी सहसा संघर्ष होत नाही. त्यांच्या भरवशावर मूळ औषध सोडणे हाच तिथला धोका आहे. मदर टिंक्चरमध्ये मात्र वनस्पतीचा प्रत्यक्ष अर्क आणि मद्यार्क असतो, म्हणून त्याचीही फाइलमध्ये नोंद हवी.

मधुमेह मुळापासून बरा करण्याची हमी देणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपचार कायद्याने निषिद्ध आहे, त्यामुळे अशा विक्रेत्याकडे पाठ फिरवण्यास दुसरे कारण शोधावे लागत नाही. अशा चूर्णांत साखरेची ॲलोपॅथिक गोळीच कुटून घातलेली सापडण्याचे प्रकार घडलेले आहेत. ‘वनौषधी’ने दोन दिवसांत साखर झपाट्याने उतरली, तर आनंदाआधी संशय यावा.

शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांना ही फाइल दाखवावी आणि वनौषधी साधारण दोन आठवडे आधीपासून बंद ठेवाव्यात. औषधाची डबी संपेपर्यंत तिचे वेष्टन फेकू नये. त्रास झाल्यास त्यावरील बॅच क्रमांक डॉक्टरांना आणि वैद्यांना दोघांनाही लागतो.